पहिली कॅसेट

सरांचा डावा कान टेपरेकॉर्डरला लागलेला, डोळे मिटलेले आणि उजव्या हाताचं एक बोट वर. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. कापलेली फीत दारात पडली होती, ती कोणी उचलली नव्हती. टीव्हीच्या काचेवर नुसता राखाडी उजेड होता. कॅसेट फिरत होती.

"येऊन राहिलं," सर म्हणाले.

काही आलं नाही. कॅसेटची ती बाजू संपली, बटण खट् करून आपोआप वर आलं आणि सरांचं बोट तसंच वर राहिलं. मी नारळाचं ताट धरून दाराशी उभी होते. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तरांनी ओठ फाकवले, त्याला हसणं म्हणायचं असेल तर म्हणा. सरांनी कॅसेट मागे फिरवली, खिशातल्या बारक्या पेचकसानं टेपरेकॉर्डरच्या आतला स्क्रू थोडा हलवला आणि पुन्हा कान लावला. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा 'येऊन राहिलं' म्हणाले ते फक्त मला ऐकू आलं, कारण मी त्यांच्या ओठांकडे बघत होते.

साहेब उठले. "मला यातलं काही समजत नाही," ते म्हणाले, "पण चालत नाही एवढं समजते."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग सगळे चिवडा खायला गेले.

त्या सरांचं नाव मी लिहीत नाही. त्यांच्या भावाची मुलं आहेत, त्यांना उगाच कशाला. तुम्हीही शाळा पाहिली असेल, तर असा एक सर पाहिला असेल. स्टाफरूममध्ये त्याला ठरलेली खुर्ची नसते. जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीवर तो बसतो.

मी त्या शाळेत शिपाई होते. घंटा देणं, झाडणं, चहा, पाण्याचे माठ. नवरा आधी त्या जागेवर होता. तो गेल्यावर मला घेतलं, तेही हेडमास्तरांच्या मर्जीवर. दोन मुली होत्या पदरात.

सर रामटेकचे. बारीक, उंच, मान थोडी पुढे. गणित शिकवायचे. नऊ वर्षं झाली तरी टेम्पररी. एप्रिल संपला की त्यांना कमी करायचे आणि जूनच्या शेवटी पुन्हा ऑर्डर द्यायचे, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको. उन्हाळ्यात ते गावी जाऊन भावाच्या शेतातल्या धानाच्या बांध्या नीट करायचे. मौद्याकडची एक मुलगी त्यांना सांगून आली होती. मुलीच्या बापानं पोहे खाल्ले, मुलगा पसंत आहे म्हणाला आणि कायमची ऑर्डर दाखवा म्हणाला. त्याला दोन वर्षं झाली होती. मुलगी थांबली होती.

तेवढ्यात शाळेत कॉम्प्युटर आला. कुठल्यातरी योजनेतून आला. एक टाइपरायटरसारखी पाटी, एक छोटा टीव्ही, एक टेपरेकॉर्डर आणि दोन कॅसेटी. हेडमास्तरांनी टीव्हीच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी नारळ फुटत नाही, पण शाळेत ताट मीच धरायची, दुसरं कोण धरणार. शिवणाच्या वर्गातल्या मुलींनी मशीनला झालरीचं कव्हर शिवलं. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या असं ठरलं.

आता ही मशीन चालवणार कोण? कायमचे जे होते त्यांतल्या एकाचे डोळे दुखायला लागले. दुसरा म्हणाला, "मले करंट लागला त माही पोरं तुमी पोसान काय?" मग टेम्पररी माणसाला बोलावलं. चार दिवस ट्रेनिंगला पाठवलं. परत आले तर खिशात पेनच्या जागी पेचकस होता.

मी झाडायला जायची तेव्हा सर एकटेच मशीनपुढे असायचे. पहिल्या दिवशी मी दारातच थांबले. आतून असा आवाज येत होता, जसा गिरणीचा पट्टा घसरल्यावर येतो.

"सर, हे बिघडलं काय?"

"नाही वं मावशी. शिकून राहिलं."

मग त्यांनी मला सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती, पण दुसरं कोणी विचारत नव्हतं.

"हे चालू केलं का याले काहीच येत नाही. मी चालू झालो, एवढंच म्हणते. ही पहिली कॅसेट आहे न, ती याले आधी आयकवा लागते. ती आयकली का मग त्याले दुसरी कॅसेट समजते. दुसरीत खेळ आहे."

"आन पहिली नाही आयकवली त?"

"त दुसरी म्हणजे त्याच्यासाठी नुसती किरकिर. जशी तुले आयकू येते तशी."

"आन बंद केलं का?"

"सारं भुललं."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे माह्या सासूसारखं झालं," मी म्हणाले. माझी सासू शेवटच्या दोन वर्षांत रोज सकाळी मला विचारायची, तू कोणाची कोण वं. रोज सांगावं लागायचं, तेव्हा ती चहा घ्यायची.

सर इतके हसले की त्यांना टेपरेकॉर्डर बंद करावा लागला, आणि बंद केला म्हणून पहिल्यापासून पुन्हा लावावं लागलं.

पहिली कॅसेट लागायला पंधरा मिनिटं जायची, खेळाची पाच. मध्ये लाइन गेली की सगळं पुसलं. आणि नागपूरला लाइन कधी जाईल ते तुम्हाला सांगायला नको. तास चाळीस मिनिटांचा. पोरं चपला काढून, मांडी घालून, कानात बोटं घालून बसायची. सर कान लावून, एक बोट वर करून उभे. आवाजावरून त्यांना कळायचं की नीट चाललं आहे की नाही. जरा आवाज जाड झाला की पेचकस फिरवायचे. "येऊन राहिलं, येऊन राहिलं," असं म्हणत राहायचे, जसं बाळंतिणीजवळ सुईण म्हणते.

खेळ लागला की उरलेल्या वेळात पाच-सहा पोरांचा नंबर लागायचा. सर हजेरीच्या क्रमानं बोलवायचे. पुढच्या आठवड्यात तिथूनच पुढे. हेडमास्तरांचा पुतण्या त्याच वर्गात होता, त्याचा नंबर सदतिसावा होता आणि तो सदतिसावाच राहिला. त्यावरून हेडमास्तर त्यांना एकदा बोलले. सर म्हणाले, "सर, मशीन आडनाव विचारत नाही, फक्त उत्तर विचारते." ते त्यांनी बोलायला नको होतं. मी नंतर तसं म्हणालेही. टेम्पररी माणसानं इतकं चांगलं उत्तर देऊ नये.

खेळ असा होता की खाली एक फुगा असायचा. गुणाकार यायचा. उत्तर बरोबर तर फुगा एक पायरी वर, चूक तर फुटला. एकदा सरांनी मला बसवलं.

"बस न मावशी. सात आठे?"

"छप्पन्न."

"मले नको सांगू, त्याले सांग. बोटानं दाब."

मी चौथी शिकले. पण आमच्या वेळेस चौथीला तिसापर्यंतचे पाढे मास्तर उभं करून म्हणून घ्यायचे. आकडे शोधायला मला वेळ लागायचा, उत्तराला लागायचा नाही. फुगा वर वर गेला आणि काचेच्या बाहेर निघून गेला. सर बघत राहिले.

"इतका वर कोणाचाच नाही गेला," ते म्हणाले.

"काहून? पोरं हुशार आहेत न."

"पोरं खेळतात वं. तू पाढे म्हणते."

मला तो दिवस चांगला आठवतो. त्यानंतर मी कधी खेळले नाही, कारण झाडायचं राहत होतं.

वर्षभर मशीन चालली, पण तिचं उद्घाटन झालं नव्हतं. वरच्या ऑफिसातल्या साहेबांना वेळ नव्हता. शेवटी एप्रिलमध्ये ठरलं की जूनच्या शेवटी शाळा उघडेल त्या आठवड्यात साहेब येतील. हेडमास्तरांनी सरांना बोलावून सांगितलं, "साहेबांना खेळ दाखवा. साहेब खूश झाले तर त्यांच्याच हातानं तुमच्या कायमच्या कागदावर सही घेतो." मी चहा ठेवत होते, मी हे कानांनी ऐकलं. सरांनी दोन्ही हात जोडले. मौद्याला पत्र गेलं.

एप्रिल संपला. सरांना नेहमीसारखं कमी केलं. कमी केलेल्या माणसानं शाळेची वस्तू घरी नेऊ नये असा नियम. जायच्या दिवशी सर माझ्याकडे आले. हातात दोन्ही कॅसेटी, एका रुमालात.

"मावशी, कपाटात नको ठेवू. लोखंडी कपाट मे महिन्यात तव्यासारखं तापते, कॅसेट वाकून जाईन. धूळ नको, ऊन नको, उंदीर नको. आन ही पहिली सांभाळ. खेळाची गेली तर दुसरी भेटन. ही गेली तर मशीन मुकी झाली."

"तुमी जा. मी ठेवतो," मी म्हणाले.

पहिल्या कॅसेटीची नक्कल करावी असं त्यांच्या मनात वर्षभर होतं. त्याला दोन टेपरेकॉर्डर लागतात, शाळेत एक होता. दुसरा मागवायला ठराव लागतो. ठराव झाला नव्हता.

मी सगळी शाळा डोळ्यांपुढे आणली. पत्र्याच्या खोल्या सगळ्या भट्टी. ऑफिसच्या मागे एक काळोखी खोली होती, तिच्यात ऊन येत नसे. तिथं प्रार्थनेचा लाउडस्पीकर ठेवलेला, मोठी लाकडी पेटी, समोर जाळी आणि कापड, मागे फळी. उंदीर आत जाऊच शकत नाही. मी मागची फळी काढली. आत कोरडं, थंड, काळोख. खेळाची कॅसेट खाली कोपऱ्यात ठेवली. पहिली महत्त्वाची, म्हणून ती उंचावर ठेवली, मध्ये जो गोल लोखंडाचा गोळा असतो त्याला टेकवून. ती तिथं बरोबर चिकटून बसली, पडली नाही. मला बरं वाटलं. आवाजाची वस्तू आवाजाच्या पेटीत, असंही मनात आलं. फळी लावली.

दोन महिने मी कोणाला सांगितलं नाही.

जूनमध्ये सरांची ऑर्डर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आली. ते रामटेकहून पहिल्या गाडीनं आले. मी कॅसेटी काढून त्याच रुमालात दिल्या. रुमाल जसाच्या तसा, धुळीचा कण नाही. सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"एकदा चालवून पाहतो," ते म्हणाले.

हेडमास्तर म्हणाले, "नाही. खोलीला फीत बांधली आहे."

"सर, पंधरा मिनिटं. दोन महिने बंद आहे मशीन."

"उद्घाटनाच्या आधी चालवली तर मग साहेब उद्घाटन कशाचं करणार? रांगोळी झाली आहे. खोली उघडायची नाही. बाई, किल्ली इकडे द्या."

मी किल्ली दिली. वर्षभर चाललेली मशीन, पण उद्घाटन व्हायचं होतं म्हणून बंद. सर फितीच्या बाहेर उभे राहून बराच वेळ खिडकीच्या काचेतून आत बघत होते. दुसऱ्या दिवशी काय झालं ते मी वर लिहिलं आहे.

पाहुणे चिवडा खात होते तेव्हा सरांनी मला बाजूला घेतलं.

"मावशी, कुठं ठेवली होती?"

मी त्यांना काळोख्या खोलीत नेलं. फळी काढून दाखवली. पहिली कुठं होती, दुसरी कुठं होती, ते बोटानं दाखवलं. सरांनी खिशातला पेचकस काढून त्या लोखंडाच्या गोळ्याजवळ नेला. पेचकस त्यांच्या हातातून सुटला आणि टक् करून त्याला जाऊन चिकटला.

"लोहचुंबक आहे," सर म्हणाले. "याच्याजवळ कॅसेट ठेवली का तिच्यातलं सारं पुसल्या जाते."

मग ते खाली फरशीवर बसले. पायात नवे बूट होते, उद्घाटनासाठी घेतलेले. त्यांनी बुटाची लेस सोडली आणि पुन्हा बांधली.

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणाले. ते खरंच होतं, पण त्याचा उपयोग काय.

"तुले कसं माहीत राहीन," ते म्हणाले. "मीच नाही सांगितलं. ऊन सांगितलं, उंदीर सांगितला. हे नाही सांगितलं." मग विचारलं, "ही जागा कोणाले माहीत आहे?"

"कोणालेच नाही."

"मग नको सांगू."

"आन तुमचं?"

"माहं काय? टेम्पररीले काढाले कागदही लागत नाही. तुले काढतीन त तुह्या दोन पोरी कुठं जातीन?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते विचारत होते, "कॅसेट सुटीत कोणाकडे होती?"

"माह्याकडे. घरी. उन्हात राहिली असन."

"शाळेची वस्तू घरी नेली?"

"हो."

मी दोन कप टेबलावर ठेवले. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी कपांकडे पाहिलं. आणि मी ट्रे घेऊन बाहेर आले. तुम्ही म्हणाल, तेव्हा बोलायला हवं होतं. मीही तेच म्हणते. पण मी बोलले नाही. मला नोकरी पाहिजे होती.

ते वर्ष सर गणित शिकवत राहिले. मशीनवर झालर घातलेली. सरांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली, पहिली कॅसेट पुन्हा पाठवा म्हणून. पोरं विचारायची, "सर, कॅसेट कधी येणार?" सर म्हणायचे, "येईन." एप्रिलमध्ये त्यांना कमी केलं. जूनमध्ये ऑर्डर आली नाही. मौद्याची मुलगी त्याआधीच, मार्चमध्ये, भंडाऱ्याला दिली.

जुलैमध्ये टपालानं एक डबी आली. आत कॅसेट होती. मी ती हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आवक रजिस्टरला नोंद करायला लावली आणि कपाटात टाकली, त्याच लोखंडी कपाटात. ती कशी लावायची हे शाळेत कोणाला येत नव्हतं. मला थोडं येत होतं, पाहून पाहून. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

चारेक वर्षांनी मी एका लग्नाला रामटेककडे गेले होते. बसस्टँडजवळच्या राईस मिलमध्ये सर दिसले. पोत्यांवर आकडे टाकत होते. केसांत भाताचा कोंडा उडालेला, की केस पिकले होते, ते कळलं नाही. मला पाहून उठले, खुर्ची दिली.

"मशीन चालून राहिली काय, मावशी?"

"नाही. तुमी गेल्यावर कोणीच नाही लावली."

"नवी कॅसेट?"

"आली होती. कपाटात आहे."

मिलचा पट्टा मोठ्यानं चालू होता, बोलायला ओरडावं लागत होतं. मी ओरडूनच म्हणाले, "सर, आता मी सांगून टाकतो हेडमास्तरले. का कॅसेट मी ठेवली होती."

"कोणाले सांगतं? रिटायर झाले न ते."

"नव्याले सांगतो."

"त्यानं मले पाह्यलं तरी आहे काय? जाऊ दे वं. चहा घे."

चहा घेतला. सरांनी लग्न केलं नव्हतं. भावाकडे राहत होते. जाताना विचारलं, मुली काय करतात. मी सांगितलं, मोठी नर्सिंगला आहे, लहान बारावीला. "चांगलं झालं," म्हणाले आणि पुन्हा पोत्यांकडे गेले. ते चांगल्या मनानं म्हणाले होते. त्यानं मला बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. आधी कोणाकडून तरी झाडपाला घेतला, मग नागपूरला आणलं, तोवर उशीर झाला होता. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. बेचाळीस वर्षांचे होते. शाळेत शोकसभा झाली नाही, कारण ते शाळेचे कोणी नव्हते.

मशीन नंतर भंगारात काढली. टेपरेकॉर्डर नव्या हेडमास्तरांनी गॅदरिंगला वापरला. साहेब मुंबईला बदलून गेले, पुढे वारल्याचं पेपरात होतं. जुने हेडमास्तर धरमपेठेत मुलाकडे असताना गेले. सर शाळेतून गेले त्या वर्षी मी कायम झाले होते. पुढे एकोणीस वर्षं मी त्याच शाळेत घंटा दिली. आता मला एक्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. कॅसेट मी ठेवली होती, आणि ते माहीत असलेली मी एकटीच जिवंत आहे.